भंडारा ते परदेश: शिक्षणासाठी जाणाऱ्यांपैकी कुणाचं आयुष्य बदलतं आणि कुणाचं घर कर्जात का अडकतं?

भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या गावातून मुलगा किंवा मुलगी परदेशात शिकायला निघाली की त्याची बातमी होते. गावात फलक लागतो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अभिनंदनाचे संदेश पडतात, शाळेत सत्कार होतो. विमानतळावरचा फोटो सगळे पाहतात.

त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत काय झालं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. कुणाला चांगली नोकरी लागते आणि घरावरचं कर्ज फिटतं. कुणी पदवी घेऊन परत येतं, पण इथली परीक्षा पास होईपर्यंत त्या पदवीवर काम करता येत नाही. कुणी शिष्यवृत्तीवर जगातल्या नामवंत विद्यापीठात पोहोचतं, पण पहिला हप्ता येईपर्यंत उसनवारीवर दिवस काढतं.

'बाहेर शिकतोय' हे वाक्य सगळ्यांसाठी एकच असलं, तरी त्यामागचे रस्ते वेगळे आहेत. कोणत्या देशात गेलं यापेक्षा पैसा कुठून आला, पदवीला मान्यता कुठे आहे आणि निघण्याआधी माहिती कुणाकडून मिळाली, यावर पुढचा अनुभव जास्त ठरतो.

किती भारतीय विद्यार्थी बाहेर आहेत?

परराष्ट्र मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये १३ लाखांहून अधिक भारतीय विद्यार्थी परदेशात शिकत होते. त्यात कॅनडात सुमारे ४ लाख २७ हजार, अमेरिकेत ३ लाख ३७ हजार, ब्रिटनमध्ये १ लाख ८५ हजार, ऑस्ट्रेलियात १ लाख २२ हजार आणि जर्मनीत सुमारे ४३ हजार विद्यार्थी होते. रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान, उझबेकिस्तान या देशांत प्रामुख्याने वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेले विद्यार्थी आहेत.

भंडारा हा धान पिकवणारा जिल्हा. सात तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार १२ लाख लोकसंख्या. साक्षरता जवळपास ८४ टक्के, म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा थोडी जास्तच. शिकण्याची आस इथे कमी नाही. पण मोठे उद्योग मोजके आहेत. जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना, तुमसर तालुक्यातल्या मँगनीजच्या खाणी आणि राईस मिल सोडल्या, तर पदवीधराला काम शोधायला बहुधा नागपूर किंवा पुणे गाठावं लागतं. परदेशाचा विचारही याच वाटेवर सुरू होतो. इंग्रजीच्या परीक्षेची तयारी, सल्लागारांची कार्यालयं, बँकेची मोठी शाखा या सगळ्यासाठी साठ-पासष्ट किलोमीटरवरचं नागपूरच जवळ करावं लागतं.

इथून बाहेर जाण्याचे ढोबळमानाने तीन रस्ते आहेत: सरकारी शिष्यवृत्ती, शैक्षणिक कर्ज आणि परदेशातलं एमबीबीएस.

पहिला रस्ता: शिष्यवृत्ती

भंडारा जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचा वाटा सुमारे सहावा हिस्सा आहे आणि त्यात बौद्ध समाज मोठा आहे. या घरांमध्ये परदेशी शिक्षण म्हटलं की पहिलं नाव येतं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. भंडाऱ्याशी त्यांचं नातं राजकीयही आहे. १९५४ ची लोकसभा पोटनिवडणूक त्यांनी याच मतदारसंघातून लढवली होती आणि त्यात त्यांचा पराभव झाला होता.

बाबासाहेबांच्या परदेशी शिक्षणाची गोष्ट यशाची म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेच. पण पैशांची ओढाताणही तिच्यात आहे. १९१३ मध्ये ते बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं. करारानुसार बडोद्यात नोकरीला गेले, तर जातीमुळे राहायला जागा मिळेना. १९२० मध्ये स्वतःची बचत, मित्राकडून घेतलेलं कर्ज आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत यांच्या आधारावर ते पुन्हा लंडनला गेले.

शंभर वर्षांनंतर, राज्य सरकारची अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची परदेश शिष्यवृत्ती शाहू महाराजांच्याच नावाने चालते. ही योजना २००३ पासून सुरू आहे. शिकवणी शुल्क, निर्वाह भत्ता, विमान प्रवास आणि आरोग्य विमा असा खर्च त्यात धरलेला असतो. जागतिक क्रमवारीत वरच्या विद्यापीठात प्रवेश मिळालेला असणं ही मुख्य अट. जागा आहेत ७५. राज्यात जिल्हे ३६. म्हणजे सरासरी काढली तर एका जिल्ह्याच्या वाट्याला दोन जागा येतात. इतर मागासवर्ग, आदिवासी, मराठा आणि खुल्या प्रवर्गासाठीही वेगवेगळ्या विभागांच्या योजना आहेत, पण तिथेही जागा मोजक्याच आहेत.

केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. तिच्यात देशभरासाठी १२५ जागा आहेत. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असावं लागतं.

शिष्यवृत्ती मिळाली, तरी अडतं कुठे?

पहिली अडचण नियम बदलण्याची. २०२४ मध्ये राज्याच्या योजनेत दहावी, बारावी आणि पदवीला ७५ टक्के गुणांची अट, शुल्काला कमाल मर्यादा आणि एका कुटुंबातून एकच लाभार्थी अशा नव्या अटी आल्या. विद्यार्थी संघटनांनी विरोध केला आणि त्यानंतर काही जाचक अटी मागे घेण्यात आल्या. पण प्रवेशपत्र हातात असलेल्या विद्यार्थ्यासाठी असे काही आठवडेसुद्धा महागात पडतात, कारण परदेशी विद्यापीठाची प्रवेशाची तारीख मुंबईतल्या शासन निर्णयासाठी थांबत नाही.

दुसरी अडचण निधीची. केंद्राच्या योजनेत २०२५-२६ साठी १०६ विद्यार्थ्यांची निवड झाली. जुलै २०२५ मध्ये त्यापैकी सुरुवातीला ४० जणांनाच तात्पुरती मंजुरीपत्रं मिळाली. उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाल्यास पत्र दिलं जाईल, असं कळवण्यात आलं. निवड यादीत नाव आहे, पण जाता येईल की नाही हे माहीत नाही, अशी ही स्थिती होती.

तिसरी अडचण भत्त्याची. केंद्राच्या २०२४-२५ च्या नियमावलीत ब्रिटनसाठी निर्वाह भत्ता वर्षाला ९,९०० पौंड आहे. दुसरीकडे, लंडनमध्ये शिकायला येणाऱ्याकडे महिन्याला १,४८३ पौंड, असे नऊ महिन्यांचे पैसे असावेत, अशी ब्रिटिश सरकारची व्हिसासाठीची अट २०२५ च्या जानेवारीपासून लागू झाली. ही रक्कम होते १३,३४७ पौंड. म्हणजे ब्रिटिश सरकार नऊ महिन्यांसाठी जेवढी रक्कम किमान मानतं, त्यापेक्षा भारत सरकारचा बारा महिन्यांचा भत्ता कमी आहे. हा फरक विद्यार्थी अर्धवेळ काम करून, एका खोलीत जास्त जण राहून किंवा घरून पैसे मागवून भरून काढतात.

तरीही तिन्ही रस्त्यांमध्ये हाच सर्वात सुरक्षित आहे. कारण पदवी संपल्यावर नोकरी लागायला वेळ लागला, तरी डोक्यावर कर्जाचा हप्ता नसतो. विद्यार्थ्याला विषय निवडण्याचं, संशोधनाकडे वळण्याचं, परत येऊन काम करण्याचं स्वातंत्र्य राहतं.

अडथळा असतो तो त्याच्याही आधी. अर्ज कसा लिहायचा, उद्देशपत्रात काय मांडायचं, शिफारसपत्र कुणाकडून घ्यायचं, हे सांगणारं माणूस जवळ नसतं. ज्या घरात पदवी घेणारी ही पहिलीच पिढी आहे, तिथे हा प्रश्न मोठा असतो. बुलढाणा जिल्ह्यातून पुढे आलेले आणि चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकलेले राजू केंद्रे यांची एकलव्य संस्था नेमकं हेच काम करते. पण अशा संस्था थोड्या आहेत आणि लाखांदूर किंवा मोहाडीसारख्या तालुक्यातल्या महाविद्यालयात शिकणाऱ्यापर्यंत त्यांची माहिती पोहोचेलच असं नाही.

दुसरा रस्ता: शैक्षणिक कर्ज

अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा आयर्लंडमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेणारे बहुतेक मध्यमवर्गीय विद्यार्थी कर्ज काढून जातात. इथे शेतकरी कुटुंबाची अडचण शहरी कुटुंबापेक्षा वेगळी आहे.

साधारणपणे सरकारी बँका साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागत नाहीत. काही बँका नामांकित विद्यापीठांच्या यादीतल्या विद्यार्थ्यांना याहून मोठं विनातारण कर्ज देतात. यादीत नसलेल्या विद्यापीठासाठी पंचवीस-तीस लाख हवे असतील, तर तारण द्यावं लागतं.

घरची पाच एकर धानाची जमीन आहे, मग तारणाची काळजी कसली, असं अनेकांना वाटतं. पण बहुतेक बँका शैक्षणिक कर्जासाठी शेतजमीन तारण म्हणून घेत नाहीत. त्यामागे कायद्याचं कारण आहे. २००२ च्या सरफेसी कायद्यामुळे बँकेला थकीत कर्जासाठी तारण मालमत्ता न्यायालयात न जाता ताब्यात घेऊन विकता येते. याच कायद्याच्या कलम ३१ ने शेतजमिनीला त्यातून वगळलं आहे. शेतकऱ्याच्या जमिनीला दिलेलं हे संरक्षण आहे, पण त्याचाच परिणाम म्हणून मुलीच्या शिक्षणासाठी ती जमीन बँकेत चालत नाही. आदिवासी कुटुंबाच्या जमिनीच्या हस्तांतरणावर तर आणखी कडक निर्बंध आहेत.

गावठाणातलं घर तारण ठेवायचं म्हटलं, तर त्याची कागदपत्रं नीट नसतात. स्वामित्व योजनेतून आता गावठाणातल्या घरांना मालमत्ता पत्रक मिळू लागलं आहे. पण खेड्यातल्या घराची बँकेने धरलेली किंमत बहुधा कर्जाच्या मागणीपेक्षा खूप कमी भरते.

मग उरतात खासगी वित्तसंस्था. त्या लवकर आणि विनातारण कर्ज देतात, पण व्याजदर जास्त असतो आणि अनेकदा शिक्षण सुरू असतानाच व्याजाचा काही भाग भरावा लागतो. ज्याच्याकडे शहरात फ्लॅट आहे त्याला स्वस्त कर्ज मिळतं आणि ज्याच्याकडे फक्त शेती आहे त्याला महाग, असा हा उलटा हिशेब आहे.

कर्जाचा हप्ता धानात मोजला तर?

उदाहरण म्हणून २५ लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज आणि दहा वर्षांची परतफेड धरू. शिक्षणाच्या काळातलं व्याज नियमित भरलं, तर महिन्याचा हप्ता साधारण ३४ हजार ४०० रुपये येतो. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली आणि अडीच वर्षं व्याज न भरता ते मुद्दलात मिसळू दिलं, तर हाच हप्ता ४४ हजारांच्या जवळ जातो.

२०२५-२६ साठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. म्हणजे ४० हजारांच्या एका हप्त्यासाठी जवळपास १७ क्विंटल धान विकावं लागेल. एवढं पीक चांगल्या एकरातून वर्षाच्या हंगामात निघतं आणि त्यातून बियाणं, खत, मजुरीचा खर्च वजा व्हायचा असतो. हप्ता मात्र दर महिन्याला येतो. सरळ सांगायचं, तर परदेशात किंवा भारतात चांगल्या पगाराची नोकरी लागली नाही, तर हे कर्ज शेतीतून फिटण्यासारखं नाही.

रुपयाच्या घसरणीने त्यात भर घातली आहे. २०२२ च्या सुरुवातीला एक डॉलर साधारण ७५ रुपयांना होता. २०२५ च्या डिसेंबरमध्ये त्याने ९० चा टप्पा ओलांडला. २० हजार डॉलर शुल्क तेच राहिलं, तरी त्यासाठी १५ लाखांऐवजी १८ लाख मोजावे लागतात. ज्याला नोकरी डॉलरमध्ये लागते त्याच्या हे पथ्यावर पडतं, कारण कर्ज रुपयांत असतं. ज्याला भारतात परतावं लागतं त्याला ती सवलत नाही.

दारं किलकिली, नियम रोज नवे

कर्ज काढणाऱ्याचा सगळा हिशेब शिक्षणानंतर दोन-तीन वर्षं तिथे काम मिळेल या गृहीतकावर उभा असतो. गेल्या दोन-तीन वर्षांत हेच गृहीतक डळमळलं आहे.

- कॅनडा: जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली गेली. राहण्याच्या खर्चासाठी दाखवायची रक्कम १० हजारांवरून २०,६३५ कॅनेडियन डॉलर झाली. झटपट व्हिसा देणारी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली.
- ब्रिटन: जानेवारी २०२४ पासून, संशोधन वगळता, बहुतेक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना कुटुंबीयांना सोबत नेता येत नाही. शिक्षणानंतर कामासाठी मिळणारा दोन वर्षांचा व्हिसा जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांसाठी दीड वर्षाचा होणार आहे. पीएचडीधारकांना हा बदल लागू नाही.
- ऑस्ट्रेलिया: विद्यार्थी व्हिसाचं शुल्क जुलै २०२४ मध्ये ७१० वरून १,६०० डॉलर आणि जुलै २०२५ मध्ये २,००० डॉलर झालं.
- अमेरिका: २०२५ च्या मे-जूनमध्ये विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबल्या. त्या सुरू झाल्या तेव्हा अर्जदारांना सोशल मीडिया खाती तपासणीसाठी खुली ठेवायला सांगण्यात आलं. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. अमेरिकेतच शिकून तिथूनच व्हिसाचा प्रकार बदलणाऱ्यांना ते लागू नाही, हे नंतर स्पष्ट करण्यात आलं. पण मधल्या काळात हजारो घरांची झोप उडाली.
- जर्मनी: सरकारी विद्यापीठांत बहुतांश ठिकाणी शिकवणी शुल्क नाही. मात्र वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच विशेष खात्यात ठेवावे लागतात. म्हणजे 'मोफत' शिक्षणासाठीही सुरुवातीला बारा लाखांच्या आसपास रक्कम उभी करावी लागते. शिवाय पदवीचे बरेच अभ्यासक्रम जर्मन भाषेत असतात आणि नोकरीसाठी तर भाषा हवीच.

यातले बरेच नियम विद्यार्थी प्रवेश घेऊन बसलेले असताना बदलले. त्यामुळे २०२१ मध्ये गेलेल्या नातेवाइकाचा सल्ला २०२६ मध्ये जाणाऱ्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. दोघेही खरंच बोलत असतात, पण त्यांच्या वेळचे नियम वेगळे असतात.

तिसरा रस्ता: परदेशातलं एमबीबीएस

डॉक्टर व्हायचं म्हणून परदेशात जाणाऱ्यांचं कारण वेगळं आहे. २०२४ मध्ये २३ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नीट परीक्षा दिली. देशात एमबीबीएसच्या जागा होत्या सव्वा लाखाच्या आत, आणि त्यातल्या साधारण निम्म्याच सरकारी महाविद्यालयांत. सरकारी जागा थोडक्यात हुकली आणि खासगी महाविद्यालयाचं शुल्क झेपत नाही, अशा घरांना रशिया, जॉर्जिया किंवा किर्गिझस्तानचा पर्याय परवडणारा वाटतो.

या रस्त्यावरचा धोका फेब्रुवारी २०२२ मध्ये सगळ्यांनी पाहिला. युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं आणि 'ऑपरेशन गंगा'तून सुमारे २२,५०० भारतीयांना परत आणावं लागलं. त्यात बहुतेक वैद्यकीय विद्यार्थी होते, विदर्भातलेही होते. परतल्यावर भारतीय महाविद्यालयांत सामावून घेण्याची मागणी मान्य झाली नाही. काहींनी दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात बदली घेतली. शेवटच्या टप्प्यावरच्या विद्यार्थ्यांना मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या तोडग्यानुसार भारतात अंतिम परीक्षा देण्याची संधी मिळाली, पण त्यानंतर दोन वर्षांची इंटर्नशिप सक्तीची झाली.

मे २०२४ मध्ये किर्गिझस्तानची राजधानी बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ले केले आणि भारतीय दूतावासाला विद्यार्थ्यांना वसतिगृहाबाहेर न पडण्याचा सल्ला द्यावा लागला. जून २०२५ मध्ये इराणमधून विद्यार्थ्यांना बाहेर काढावं लागलं.

युद्ध आणि दंगल हे बातमीत येणारे धोके. न दिसणारा धोका परीक्षेचा आहे. परदेशातून एमबीबीएस करून आलेल्याला भारतात डॉक्टरकी करण्यासाठी एफएमजीई ही परीक्षा ३०० पैकी १५० गुण मिळवून पास व्हावी लागते. अलीकडच्या परीक्षांमध्ये बसलेल्यांपैकी साधारण पाचवा ते चौथा हिस्साच पास झाला आहे. बाकीचे पुन्हा शिकवणी लावतात, पुन्हा परीक्षा देतात. सहा वर्षं शिकून आलेला मुलगा गावात आहे, लोक त्याला डॉक्टर म्हणतात, पण त्याला औषधाची चिठ्ठी लिहिता येत नाही. या काळाची चर्चा घराबाहेर फारशी होत नाही.

२०२१ च्या नियमांनी चौकट आणखी घट्ट केली. किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, इंग्रजी माध्यम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि शिकलेल्या देशात डॉक्टर म्हणून नोंदणी होण्याची पात्रता, या अटी पूर्ण नसतील तर पदवी भारतात चालत नाही. नीट पात्र असणंही आवश्यक आहे.

एक बदल मात्र जिल्ह्यासाठी दिलासा देणारा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं आणि त्यात भंडाऱ्याचाही समावेश आहे. दहा महाविद्यालयांच्या मिळून ९०० जागा वाढल्या. त्यामुळे रांग संपणार नाही, पण दरवर्षी आणखी काही मुलांना सरकारी शुल्कात, घराजवळ डॉक्टर होता येईल.

पैशांपलीकडचे अनुभव

परदेशात शिकलेले अनेक जण काही गोष्टी आवर्जून सांगतात. प्राध्यापकाला नावाने हाक मारता येते. वर्गात शंका विचारली तर कुणी हसत नाही. पाठांतरापेक्षा स्वतःचं मत मांडण्याला गुण मिळतात. ग्रंथालय रात्रीही उघडं असतं. मुलींना रात्री उशिरा एकटीने घरी येण्याची, स्वतःच्या पैशांचा हिशेब स्वतः ठेवण्याची सवय लागते. झाडीबोली बोलत वाढलेल्या आणि मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांना पहिले काही महिने इंग्रजी उच्चार समजत नाहीत, पण नंतर जमतं आणि त्यातून आलेला आत्मविश्वास टिकतो.

जातीचा अनुभव दुहेरी आहे. अनोळखी देशात आडनावावरून कुणी काही ओळखत नाही, याचं हायसं वाटतं. पण भारतीय मित्रमंडळीत बसलं की आडनाव आणि गाव विचारलं जातंच. हा प्रश्न आता तिथल्या कायद्यापर्यंत गेला आहे. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने २०२२ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल हे जातिभेदावर बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळाने मंजूर केलेलं असंच विधेयक मात्र राज्यपालांनी फेटाळलं.

कामाच्या तासांचं गणित वेगळंच. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये सत्र सुरू असताना आठवड्याला २० तास, कॅनडात २४ तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास एवढंच काम करता येतं. अमेरिकेत तर हे काम सहसा विद्यापीठाच्या आवारातच करावं लागतं. 'तिथे काम करून फी भरता येते' असं कुणी सांगत असेल, तर ते खरं नाही. या कमाईतून जेवण आणि भाड्याचा काही भाग निघतो. मर्यादेपेक्षा जास्त काम केलं तर व्हिसा जाऊ शकतो.

आणि एकटेपणा. जुलै २०२४ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार, पाच वर्षांत परदेशात ६३३ भारतीय विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. आजार, अपघात, हल्ले अशी कारणं त्यात आहेत. जून २०२४ मध्ये रशियात नदीत बुडून मरण पावलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्ये जळगाव जिल्ह्यातले विद्यार्थी होते. १३ लाखांच्या तुलनेत हा आकडा लहान असला, तरी प्रत्येक वेळी एक कुटुंब परक्या देशातल्या यंत्रणेपुढे हतबल उभं असतं.

त्रास असतानाही मुलं घरी सांगत नाहीत, कारण घरच्यांनी कर्ज काढलेलं असतं. फोनवर 'सगळं ठीक आहे' एवढंच कळतं. इन्स्टाग्रामवर बर्फातला फोटो येतो, गोदामातल्या रात्रपाळीचा येत नाही. गावातलं पुढचं घर तो फोटो पाहून निर्णय घेतं.

सल्लागारावर किती विसंबायचं?

परदेशी नोकरीसाठी कामगार पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी करावी लागते. परदेशी शिक्षणाच्या सल्लागारांसाठी असा देशव्यापी परवाना नाही. अनेक परदेशी विद्यापीठं विद्यार्थी मिळवून देणाऱ्या सल्लागाराला कमिशन देतात. त्यामुळे 'आमची सेवा मोफत' असं सांगणारा सल्लागार ज्या विद्यापीठाकडून कमिशन मिळतं तेच सुचवण्याची शक्यता असते. सगळे सल्लागार फसवतात असं नाही, पण त्यांचं हित आणि विद्यार्थ्याचं हित एकच असतं असंही नाही.

२०२३ मध्ये कॅनडात बनावट प्रवेशपत्रांचं प्रकरण उघड झालं तेव्हा हेच दिसलं. एजंटने दिलेली पत्रं खोटी होती, पण देश सोडण्याची नोटीस आली ती विद्यार्थ्यांना.

निघण्याआधी काय तपासावं?

- विद्यापीठाचं नाव, अभ्यासक्रम आणि शुल्क थेट विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहावं. प्रवेशपत्र खरं आहे का, हे विद्यापीठाला ईमेल करून विचारता येतं.
- एमबीबीएससाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या सगळ्या अटी लेखी तपासाव्यात. 'मान्यता आहे' हे तोंडी आश्वासन पुरेसं नाही.
- कर्जाचा हप्ता भारतातल्या पगारावर फेडता येईल का, याचा हिशेब करावा. तो बसत नसेल, तर जोखीम मोठी आहे हे घरात सगळ्यांना माहीत असावं.
- त्या शाखेतून गेल्या वर्षी पास झालेल्या किमान दोन-तीन विद्यार्थ्यांशी बोलावं. त्यातला एक तरी परत आलेला असावा.
- शिष्यवृत्तीची जाहिरात येण्याची वाट न पाहता जात प्रमाणपत्र, वैधता, उत्पन्नाचा दाखला आणि पासपोर्ट आधीच काढून ठेवावेत.
- पोहोचल्यावर भारतीय दूतावासाकडे नोंदणी करावी. अडचणीत तक्रार करण्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल आहे.

मग जावं की नाही?

या प्रश्नाला सगळ्यांसाठी एक उत्तर नाही. शिष्यवृत्तीवर किंवा झेपेल एवढ्याच कर्जावर, मान्यता असलेल्या पदवीसाठी, नियम माहीत करून गेलेल्यांना परदेशी शिक्षणाने खूप काही दिलं आहे. पण घराच्या सगळ्या पुंजीचा डाव एकाच पदवीवर लावून, दुसऱ्याच्या फोटोवर विसंबून गेलेल्यांना त्याच शिक्षणाने अडचणीतही टाकलं आहे.

हा फरक विद्यार्थ्याच्या हुशारीपेक्षा त्याच्या मागे काय आहे यावर जास्त ठरतो. शहरात फ्लॅट असलेल्या घराला अपयश पचवता येतं. तीन-चार एकर धानाच्या शेतीवर जगणाऱ्या घराला ते पचत नाही. शिष्यवृत्तीच्या जागा वाढणं, तिचा हप्ता वेळेवर मिळणं, सल्लागारांवर नियमन येणं आणि तालुक्याच्या महाविद्यालयात नीट माहिती देणारं माणूस असणं, या चार गोष्टी झाल्या तर हे अंतर कमी होऊ शकतं.

तोवर गावात फलक लागतील, लागायलाही हवेत. पण परत आलेल्यांनाही गावाने एकदा समोर बसवून विचारायला हवं, की तिकडे नेमकं काय झालं. पुढच्या वर्षी निघणाऱ्याला सत्कारापेक्षा त्या उत्तराचा उपयोग जास्त होईल.